हिरवा पैसा आणि भीमेचे खोरे

काळा पैसा आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याच्यावर अग्रलेख लिहिता लिहिता संपादकांच्या लेखण्या झिजल्या, पण त्याचा रंग काही उतरला नाही. गेल्या काही वर्षांत पैशाला आणखी एक रंग प्राप्त झाला आहे, आणि तो हिरवा आहे. प्रदूषणाचे निवारण, सूर्य व वारा यांपासून विजेची निर्मिती, वनांचे आणि पाण्याचे रक्षण असल्या कामांवरच हा पैसा खर्च होईल अशी प्रतिज्ञा करून जे भांडवल उभारले जाते, त्याला हरित गुंतवणूक असे नाव आहे. केंद्र सरकारने २०२३ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत १६,००० कोटी रुपयांचे असे हरित कर्जरोखे प्रथमच विक्रीस काढले. त्याच साली इंदूर महापालिकेने नर्मदेचे पाणी शहरात चढविण्यास लागणारी वीज सूर्यापासून मिळविण्यासाठी २४४ कोटी रुपये उभे केले. जून २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने पादचारी व सायकलस्वार यांना सोयीचे रस्ते बांधण्यासाठी २०० कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे काढले, आणि गुंतवणूकदारांनी मागितल्याच्या कित्येक पट रक्कम पुढे केली.

या घटनेचे आम्ही स्वागत करतो. महापालिकांनी सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून बसण्याऐवजी स्वतःच्या पतीवर भांडवल उभारावे, आणि ते सृष्टीच्या रक्षणासाठी उभारावे, यात वाईट वाटण्याजोगे काहीच नाही. तथापि स्वागताची फुले वाहून झाल्यावर एक साधा प्रश्न उरतो. पैसा हिरवा झाला, पण त्या पैशाने कोणता प्रदेश हिरवा झाला? हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नाही. कारण पैशाचा हिशेब शहराच्या नावाने ठेवला जातो, आणि सृष्टी शहराची हद्द ओळखत नाही. ती ओळखते ते खोरे.

आम्ही एके काळी शाळेत भूगोल शिकवीत असू. भीमेचा नकाशा काढा असे सांगितले की मुले भीमाशंकरापासून एक निळी रेघ ओढीत. तीस तुळापूरला इंद्रायणी मिळवीत, पुढे दौंड तालुक्यात मुळा-मुठा मिळवीत, उजनीपाशी एक फुगीर ठिपका देत, पंढरपुराजवळ चंद्रकोर काढून ‘चंद्रभागा’ असे लिहीत, आणि ती रेघ कर्नाटकात नेऊन कृष्णेत सोडीत. त्या नकाशात महापालिकेची हद्द कोणी दाखवीत नसे, आणि ती न दाखविल्याबद्दल आम्ही कोणाचे गुणही कापीत नसू. मुलांच्या त्या नकाशात जे शहाणपण होते ते आपल्या जमाखर्चात अद्याप उतरलेले नाही.

पुणे शहर या खोऱ्याच्या माथ्यावर बसले आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांचे पाणी आपण पितो, आणि वापरून झालेले पाणी मुळा-मुठेच्या स्वाधीन करतो. ते भीमेत जाते, उजनीत साचते, सोलापूर शहराच्या नळांना जाते, आणि पंढरपुरी वारकऱ्याच्या ओंजळीत येते. दर ज्येष्ठात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यास येतात, आपण त्यांचे भक्तिभावाने स्वागत करतो, वारकऱ्यांच्या पंगती घालतो आणि त्यांना पंढरीच्या वाटेस लावून देतो. त्याच वेळी आपले सांडपाणीही त्याच पंढरीच्या वाटेस लागलेले असते. पालखी पोहोचते तेथेच तेही पोहोचते. या दोन यात्रांचा एकमेकींशी संबंध आहे हे ज्या दिवशी आपल्या ध्यानात येईल, त्या दिवशी हरित गुंतवणुकीचा अर्थ आपणांस कळू लागेल.

आता या नदीवर झालेल्या खर्चाकडे पाहू. मुळा-मुठेचे प्रदूषण हटविण्यासाठी जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेशी जानेवारी २०१६ मध्ये कर्जाचा करार झाला. योजना ९९० कोटी रुपयांची होती, रोज ३९.६ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारी ११ केंद्रे बांधावयाची होती. व्याज नाममात्र होते, मुदत लांब होती, आणि हेतूविषयी कोणाचे दुमत नव्हते. असे असूनही कोनशिला बसली ती ६ मार्च २०२२ रोजी, आणि तोवर योजनेचा खर्च १,४७० कोटींच्या पुढे गेला होता. एवढ्या अवधीत पहिलीत बसलेले मूल सातवीत जाते. नदी मात्र होती त्याच इयत्तेत राहिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते, आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी आणि भीमा या आपल्या सर्व नद्या त्या यादीत होत्या.

त्याच ६ मार्चला नदीकाठ सुधारणेचीही कोनशिला बसली. ४४ किलोमीटर नदीचे दोन्ही काठ सुशोभित करावयाचे, आणि त्यांतील पहिल्या ९ किलोमीटरांसाठी १,०८० कोटींहून अधिक रक्कम, अशी ती योजना आहे. नदीकाठी फिरावयास जागा असावी, मुलांना घाट दिसावा, या इच्छेत गैर काही नाही. परंतु दोन कामांची कोनशिला एकाच मुहूर्तावर बसली तरी त्यांची योग्यता एक होत नाही. काठ सुधारला की त्याचे छायाचित्र घेता येते, काठालगतच्या जमिनीचा भाव वाढतो, आणि त्या वाढीचा काही अंश पालिकेच्या तिजोरीत परत येण्याची आशा धरता येते. पाणी सुधारले की त्याचा लाभ दौंडच्या शेतकऱ्यास, उजनीच्या कोळ्यास आणि पंढरपूरच्या यात्रेकरूस मिळतो. पालिकेला त्यांच्याकडून एक पैही येणे नसते. नदीला काठाच्या आत बसविण्याचा हा जो उद्योग आहे, त्याविषयी तिचे स्वतःचे मत काय आहे हे २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या रहिवाशांनी अनुभवले आहे. नदी आपली जागा विसरत नाही. विसरतो तो नकाशा काढणारा.

येथेच हरित गुंतवणुकीचे मर्म आहे. गुंतवणूक म्हणजे दान नव्हे. जो पैसा देतो त्याला मुद्दल आणि व्याज परत हवे असते, आणि ते मागण्याचा त्याला हक्क आहे. त्यामुळे हा पैसा स्वाभाविकपणेच तेथे जातो, जेथून तो परत येऊ शकतो. रस्ता, वीज, इमारत, काठ ही त्याची आवडती ठिकाणे होत. मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरांवरचा झरा जिवंत ठेवणे, खणून बोडके केलेले उतार पुन्हा रानाखाली आणणे, धरणात येणारा गाळ वरच्या वर अडविणे, या कामांवर कोणी तिकीट लावू शकत नाही. म्हणून तिकडे तो फिरकत नाही. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये असे आपले वाडवडील सांगत. ऋषींपुरते ते आजही खरे असेल. पण नदीचे मूळ पाहिल्यावाचून आता आपली सुटका नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, हा प्रकार हिरव्या रंगाच्या बंबानेही टळत नाही.

याहूनही सूक्ष्म असा एक दोष आहे. जे देशाच्या वहीत हिरवे असते ते खोऱ्याच्या वहीत हिरवे असेलच असे नाही. उसापासून होणाऱ्या इथेनॉलचे उदाहरण घ्या. पेट्रोलमध्ये ते मिसळले की खनिज तेलाची आयात कमी होते, धुरातील कर्ब कमी होतो, असा हिशेब आहे. आणि या हिशेबाने २०१८ पासून सरकारने आसवन्यांच्या कर्जांना व्याजात सवलत दिली. देशाच्या दृष्टीने ही रक्कम जमेच्या बाजूस मांडता येईल. परंतु सोलापूर जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागात, जेथे माणसे आणि गुरे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तेथे ऊस हे सर्वांत तहानलेले पीक आहे. लागवडीखालील जमिनीच्या अल्पशा भागात असूनही राज्यातील सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा तोच पितो. मग कर्बाच्या वहीत जी रक्कम जमा, तीच पाण्याच्या वहीत नावे पडते. दोन्ही वह्या एकत्र मांडून पाहण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

झाडांचेही तसेच आहे. विकासकामांसाठी जंगल तोडल्याच्या भरपाईपोटी साचलेल्या निधीतून ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७,४३६ कोटी रुपये दिले. झाडे लावा, असा त्याचा मुख्य आदेश. पण ती कोठे लावावयाची? भीमेचे खोरे भीमाशंकरच्या सदाहरित अरण्यात सुरू होते, आणि पूर्वेकडे पाऊस विरळ होत गेला की ते गवताच्या माळात उघडते. शेकरू वरच्या रानाची, तर चिंकारा सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याचा. नान्नजच्या माळावर १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. तो पक्षी आज तेथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. या माळावर लांडगा राहतो आणि धनगराच्या मेंढ्याही चरतात. हा माळ वर्षातील आठ महिने पिवळा दिसतो, आणि हिरव्या पैशाला पिवळा रंग ओळखता येत नाही. सरकारी कागदात तो पडीक ठरतो. मग कधी त्यावर झाडांसाठी खड्डे खणले जातात, तर कधी सूर्यवीज केंद्रांची तावदाने बसतात. अरण्याच्या जागी अरण्य आणि माळाच्या जागी माळ राखणे, हाच प्रदेशाचा खरा विकास होय. सगळीकडे झाडे लावणे म्हणजे सगळ्या रोग्यांना एकच काढा पाजण्यासारखे आहे.

आमच्या या विवेचनाचा कोणी असा अर्थ काढील की, खासगी भांडवलावर विसंबू नये, सरकारने आपल्या तिजोरीतून खर्च करावा म्हणजे सारे सुरळीत होईल. अनुभव तसा नाही. २०१४ ते २०१९ या काळात जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३ कोटी रुपये खर्च झाले, आणि भूजलाची पातळी वाढविण्याच्या व गावे पाण्यापुरती स्वयंपूर्ण करण्याच्या कामी त्याचा परिणाम अल्पच झाला, असे भारताच्या महालेखापालांनी २०२० साली नोंदविले. चंद्रभागा निर्मळ करण्याची घोषणा २०१६ साली झाली. ती नदी आजही निर्मळ झालेली नाही. पैसा सरकारी असो की सावकारी, त्याच्यावर पहारा ठेवणारे कोणी नसेल तर तो पाण्यासारखा उताराकडे वाहतो.

मग हा पहारा कोण ठेवू शकतो? याचे उत्तर परदेशात शोधावयास नको. ते याच अवर्षणाच्या पट्ट्यात लिहून ठेवलेले आहे. १९९० च्या दशकात जर्मनीच्या साहाय्याने आणि नाबार्डच्या देखरेखीखाली महाराष्ट्रात पाणलोट विकासाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात पैसा येण्यापूर्वी गावाने श्रमदान करून आपली तयारी सिद्ध करावी, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळावी, आणि पुढील निगराणीसाठी निधी बाजूला काढावा, अशी अट होती. हिवरे बाजारच्या ग्रामस्थांनी तर याहून पुढे जाऊन ऊस-केळी वर्ज्य केली, शेतीसाठी विंधन विहिरी खणावयाच्या नाहीत असे ठरविले, आणि दरवर्षी पाऊस किती पडला ते पाहून पिके कोणती घ्यावयाची याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची प्रथा घातली. तेथे पैसा कमी होता, आणि नियम पुष्कळ होते. आपल्या शहरी योजनांत याच्या नेमके उलट असते.

डोंगरापासून शहरापर्यंत एकच हिशेब मांडण्याचेही एक मोठे उदाहरण आहे. न्यूयॉर्क शहरापुढे १९९० च्या दशकात प्रश्न पडला की, ६ ते ८ अब्ज डॉलर खर्चून पाणी गाळण्याचा प्रचंड कारखाना बांधावा, की ज्या डोंगरांतून पाणी येते तेच राखावेत? १९९७ साली शहराने डोंगरांतील गावांशी करार केला. सुमारे दीड अब्ज डॉलर तेथील जमिनी, शेते आणि सांडपाण्याची व्यवस्था यांवर खर्चण्याचे ठरले, आणि कारखाना टळला. शहराने आपल्या हद्दीबाहेर खर्च केला, आणि तो परोपकार म्हणून नव्हे, तर स्वतःचा खर्च वाचविण्यासाठी केला.

‘शहराच्या करदात्यांचा पैसा शहराबाहेर का घालवावा?’ असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याचे उत्तर सोपे आहे. शहर जर पाणी बाहेरून आणीत नसेल आणि मैला बाहेर सोडीत नसेल, तर त्याने आपला पैसा अवश्य घरात ठेवावा. परंतु घेताना आणि टाकताना ज्याला हद्द आठवत नाही, त्याने देतानाच ती आठवणे हे सभ्यतेस धरून नाही. याच खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वी एक धडा गिरविला गेला आहे. मुळशीस मुळेचे पाणी अडवून ते घाटाखाली कोकणात सोडावयाचे आणि मुंबईस वीज न्यावयाची, अशी योजना झाली. धूर न सोडणारी ती वीज आजच्या भाषेत स्वच्छच म्हणावी लागेल. तिच्यासाठी ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या मावळ्यांच्या बाजूने १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. वीज मुंबईस गेली, पाणी कोकणात गेले, आणि त्याची किंमत मुळशीने भरली. लाभ एकाचा आणि झीज दुसऱ्याची असेल, तर केवळ धूर निघत नाही म्हणून ते काम निर्दोष ठरत नाही.

म्हणून आमच्या सूचना अशा आहेत. पहिली, पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महापालिकांनी यापुढे हरित म्हणून जे कर्ज उभारावे, त्याच्या प्रस्तावातच भीमेच्या खोऱ्यावर होणारा परिणाम सांगितला जावा. किती किलोमीटर रस्ता झाला याबरोबरच, दौंडपाशी पाण्यातील प्राणवायू किती वाढला, हेही दरवर्षी प्रसिद्ध व्हावे. सेबीने २०२३ साली हरित कर्जरोख्यांचे नियम कडक केले आणि खोट्या हिरवेपणाविरुद्ध ताकीद दिली, हे योग्यच झाले. पण सेबी पैसा पाहते, नदी पाहत नाही. ती पाहणारी वही वेगळी हवी. दुसरी सूचना अशी की, अशा प्रत्येक कर्जाचा ठरावीक हिस्सा धरणांच्या वरच्या पाणलोटासाठी राखून ठेवावा, आणि तो तेथील ग्रामसभांच्या हाती, वर सांगितलेल्या अटींवर, द्यावा. तिसरी, नदीच्या योजनांवर देखरेख करणाऱ्या समितीत सोलापूर आणि पंढरपूर यांचे प्रतिनिधी असावेत. ज्याच्या ताटात आपण वाढतो, त्याला चव कशी आहे हे विचारणे एवढाच याचा अर्थ आहे. महाराष्ट्रात कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ पासून आहे, आणि २००५ च्या कायद्याने अशा महामंडळांना खोऱ्यांचे अभिकरण म्हणून मान्यताही मिळाली आहे. नावात खोरे आहे, कायद्यात खोरे आहे. कामात ते यावयाचे राहिले आहे.

शेवटी, ही सर्व चर्चा केवळ पालिकेस उद्देशून आहे अशी आमच्या वाचकांनी समजूत करून घेऊ नये. हे कर्जरोखे घेणाऱ्या बँकांत आणि विमा कंपन्यांत आपल्याच ठेवी आहेत, आपलेच हप्ते आहेत. हिरवा पैसा म्हणतात तो पुष्कळ अंशी मध्यमवर्गाचा, म्हणजे आपलाच पैसा आहे. आपल्या गृहसंस्थेत सांडपाणी शुद्ध करणारे यंत्र बसविलेले असते. विजेचे बिल वाचावे म्हणून ते बंद ठेवण्याचा ठराव ज्या सभेत होतो त्या सभेत आपणच हात वर केलेला असतो. सिंहगडाच्या पायथ्याशी डोंगर फोडून केलेला ‘निसर्गरम्य’ भूखंड आपणच घेतो, आणि मग आळंदीस इंद्रायणीवर तरंगणारा फेस पाहून वर्तमानपत्रास पत्रही आपणच लिहितो. अशी पत्रे आमच्याकडे येतात, आणि आम्ही ती छापतोही. पण त्यांनी नदीतला फेस कमी होत नाही.

ज्येष्ठात पालख्या पुन्हा आपल्या दाराशी येतील. त्या दिवशी वारकऱ्यास आपण पाणी देऊ, ते स्वच्छ असेल. त्याविषयी आम्हांस शंका नाही. पण पंधरवड्याने तो चंद्रभागेत उतरेल तेव्हा त्याच्या ओंजळीत जे येईल, तेही आपणच दिलेले असेल. हिरव्या पैशाची परीक्षा त्या ओंजळीत व्हावयाची आहे.